नाना निकमांची युरोपला निघालेली गाडी

ज्या गावात मे महिन्यात थंड पाण्याच्या नळाखाली हात धरला तरी पोळतो, तिथे बर्फात चालवायचे चार टायर विकत घेणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला. नाना निकम. सौदीतल्या दम्मामच्या आमच्या कंपाउंडमध्ये, त्यांच्या बाल्कनीत, ते टायर एकावर एक रचून ठेवलेले असत आणि सगळ्यात वर मालतीकाकूंची तुळस. नवीन राहायला आलेलं कुटुंब हमखास वर बघून विचारायचं, "ते काळं काय आहे हो?"

"तुळशीवृंदावन," आम्ही सांगायचो. संध्याकाळी काकू तिथे दिवा लावायच्या. उन्हाने रबर जरा नरम झालं की वृंदावन एका बाजूला कलायचं, मग नाना खाली वाकून, एक डोळा मिटून, पाचर बसवायचे.

नाना अबकैकच्या तेलाच्या प्लांटमध्ये शटडाउन प्लॅनर होते. म्हणजे तो अवाढव्य प्लांट दुरुस्तीसाठी थोडा थोडा बंद करतात, तेव्हा कुठली झडप आधी मिटायची, कुठला पंप मग सुटा करायचा आणि कुणी कुणाच्या मागे उभं राहायचं, हे ठरवणारा माणूस. त्या कामामुळे असेल, पण घरातही प्रत्येक गोष्टीच्या आधी काय आणि नंतर काय, हे त्यांना लागायचं. पोहे करायचे म्हटलं तरी म्हणायचे, "मालती, कांदा कुणावर अवलंबून आहे?"

"तुमच्यावर," काकू म्हणायच्या. "चिरा."

बांधा काटक, शर्टाची बाही कोपरापर्यंत नीट दुमडलेली, चालणं असं की पुढचं पाऊल टाकायची मागच्या पावलाने परवानगी दिली आहे. असा माणूस कुठली गाडी चालवत असेल, असं कुणालाही विचारलं असतं तर त्याने माझ्या गाडीकडे बोट दाखवलं असतं. माझी पांढरी सेडान आहे. पार्किंगमध्ये तिची ओळख फक्त रिमोटचं बटण दाबल्यावर पटते. माझी मुलगी इरा सहा वर्षांची असतानाच म्हणाली होती, "बाबा, व्हाय इज अवर कार सो सॅड?"

नानांची गाडी मात्र हळदीच्या रंगाची होती. दोन दारांची, लांब नाकाची, आठ सिलिंडरची अमेरिकन स्पोर्ट्स कार. सुरू झाली की आमच्या स्वयंपाकघरातल्या वाट्या एकमेकींना सांगायच्या. आणि ही गाडी नाना ताशी ऐंशीच्या वर कधी नेत नसत. शाळेच्या बसेस त्यांना मागे टाकून जात. एकदा पाण्याच्या टँकरवाल्या पठाणाने शेजारून जाताना काच खाली करून काळजीने विचारलं, "चाचा, गाड़ी बीमार है क्या?"

"नहीं बेटा," नाना म्हणाले, "गाड़ी ठीक है. हमें कहीं पहुँचना नहीं है."

हे ते गमतीने म्हणत नव्हते. त्यांना खरंच सौदीत कुठे पोचायचं नव्हतं. गाडी युरोपला न्यायची होती.

त्याचं मूळ इस्लामपुरातल्या एका सायकलच्या दुकानात होतं. दुकानात भिंतीवर टायर कंपनीचं कॅलेंडर, आणि मार्चच्या पानावर पिवळी अमेरिकन गाडी, डोंगराच्या वळणावर, मागे बर्फ. दुकानदाराला ते पान इतकं आवडलं की त्याने ते पुन्हा उलटलंच नाही. "आमच्या गल्लीत कित्येक वर्षं मार्चच होता," नाना सांगायचे. पोरं पंक्चर काढून घ्यायला जात आणि वळणाकडे बघत उभी राहत. गाडी वळणाच्या तोंडाशी होती. पलीकडे काय आहे ते चित्रात नव्हतं. पुढे इंजिनिअर झाल्यावर नानांनी चित्रातल्या रस्त्याकडेच्या पाट्या आठवून ताडलं की गाडी अमेरिकेची असली तरी डोंगर युरोपातला होता. म्हणून नुसती गाडी घेऊन भागणार नव्हतं. ती त्या वळणावर उभी करायची आणि मग पलीकडे जायचं, असा बेत होता.

पन्नाशी उलटल्यावर त्यांनी गाडी घेतली. सौदीत ती घेणं फारसं कठीण नव्हतं. पेट्रोल परवडतं, रस्ते रुंद, आणि गाडीच्या पोटात किती मोठं इंजिन आहे याची चौकशी कुणी करत नाही. चौकशी युरोपात होते. तिथूनच आमची खरी ओळख वाढली, कारण मी बंदरातल्या एका क्लिअरिंगवाल्याकडे काम करतो. मशिनं येतात, मशिनं जातात, मी कागद करतो. नानांच्या दृष्टीने मी युरोपच्या दारावरचा माणूस होतो. दर गुरुवारी संध्याकाळी ते चहाला यायचे आणि सोफ्यावर टेकायच्या आधी विचारायचे, "श्रीकांता, हॉलंड काय म्हणतंय?"

हॉलंड, कारण त्यांची मुलगी प्राजक्ता तिथे नोकरीला होती. हॉलंड फारसं चांगलं म्हणत नव्हतं. सीमेवर आयातकर, त्यावर दुसरा कर, आणि मग गाडी किती धूर सोडते ते बघून तिसरा. हा तिसरा गाडीच्या किमतीच्या मागून धावत यायचा आणि बघता बघता पुढे निघून जायचा. शिवाय पुढे दर काही महिन्यांनी गाडीच्या वजनावर रस्त्याचा कर.

दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. नाना रमले. हॉलंड नाही तर जर्मनी, जर्मनी नाही तर इटली, असं करत ते गुरुवारामागून गुरुवार करांच्या वाटेने युरोपभर हिंडले. लोक युरोप चर्च आणि पुतळ्यांनी ओळखतात. नानांना तो करांनी पाठ होता.

"बघ गंमत," बशीत चहा ओतत ते म्हणायचे. "गाडी एकच. पण प्रत्येक देशाला तिच्यात वेगळं पाप दिसतं. फ्रान्स तिचा धूर बघतो. जर्मनी इंजिनाचं पोट मोजते. इटलीला तिच्या ताकदीचा राग. हॉलंड तिला काट्यावर उभी करतं. डेन्मार्कला तिची किंमतच सहन होत नाही."

"आणि सौदी, नाना?" माझी बायको संध्या विचारायची. ती इथे हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. माणसांना वजन आणि धूर याच दोन गोष्टी विचारत असते, त्यामुळे तिला यात रस होता.

"सौदीला तिच्यात पाप दिसत नाही. सौदी फक्त मालकाचा इकामा बघते."

हे वाक्य तेव्हा सगळ्यांनी हसून ऐकलं. राहण्याचा परवाना तो, पाकिटात कार्डासारखा असतो, त्यात बघण्यासारखं काय.

मालतीकाकूंचं मत वेगळं होतं. "कर कसला त्यात," त्या म्हणाल्या. "लग्नातला मानपान आहे. एकाला फेटा हवा, एकाला आहेर, एकाला नुसतं पुढे बसवायला हवं. दिला की गप्प बसतात."

काकूंविषयी सांगायलाच हवं. सौदीत बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली तेव्हा कंपाउंडमधल्या तरुण मुली फॉर्म आणायच्या गोष्टी करत होत्या. काकू परवाना काढून आल्या होत्या. शिकल्या त्या ड्रायव्हिंग शाळेच्या छोट्या गाडीवर, पण हात बसला तो पिवळीवर. आणि त्या ऐंशीने चालवत नसत. पाटीवर जो आकडा लिहिला असेल तो म्हणजे सरकारने आपल्याला दिलेला शब्द आहे आणि तो पाळायचा, अशा निष्ठेने त्या बरोबर त्या आकड्यावर जात. नाना शेजारी बसून समोरच्या फळीला एक हात लावून ठेवायचे.

"मालती, घाई करणाऱ्याला वळण दिसत नाही."

"या रस्त्याला वळणच नाहीये हो. सरळ अबकैक."

तेही खरं होतं. म्हणून दोघांनी वळणं तयार केली होती. दर शुक्रवारी सकाळी, रस्ते रिकामे असताना, ते दम्मामहून अबकैकच्या बाजूला जात आणि परत येत. तो रस्ता त्यांचा युरोप होता. एकदा मला बरोबर नेलं. मागची सीट, असं ज्याला त्या गाडीच्या कंपनीने म्हटलं होतं, त्या जागेत मी बसलो, म्हणजे मला घडी करून ठेवलं. गुडघे कानांशी आले. पोट कुठे ठेवायचं हा प्रश्न संध्याने घरीच विचारला होता.

थंडीतली धुक्याची सकाळ होती. दोन्ही बाजूंना वाळू नव्हतीच जणू, नुसतं दूध सांडलेलं. उंटांची एक रांग त्यातून वर आली आणि पुन्हा त्यातच विरली. नाना चालवत होते. इंजिन खालच्या आवाजात काहीतरी पुटपुटत होतं, झोपेत बोलणाऱ्या माणसासारखं. एक पूल आला आणि नाना म्हणाले, "रॉटरडॅम सुटलं. आता बेल्जियम."

काकूंनी पर्समधून डबा काढला आणि शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. "सीमेवरचा कर," मला म्हणाल्या. "तुलाही भरावा लागेल, वजनावर."

मी वजनावर कर भरला. दोन तुकडे. पुढच्या पेट्रोल पंपाला जर्मनी लागली, खजूर. वाऱ्याने रस्त्यावर वाळूची एक जीभ आली होती, तिला नाना गाडी हळू करून वळसा घालत म्हणाले, "हा घाट." मग धुक्यात दूरवर अबकैकची ज्वाला दिसायला लागली. तिथे जादा गॅस उंच नळीच्या टोकाला जाळतात. खालची नळी धुक्यात गेली होती, त्यामुळे ती ज्वाला अधांतरी, कुठल्या तरी डोंगराच्या शेंड्यावर ऊन पडावं तशी लालसर दिसत होती. नानांनी गाडी कडेला घेतली, बंद केली. मी जन्मात स्वित्झर्लंडला गेलेलो नाही, पण कुणी विचारलं तर मला वाटतं मी हो म्हणेन.

परतताना काकूंनी चालवली आणि युरोप फार लवकर संपला.

नानांनी तयारी मात्र खेळ म्हणून केली नव्हती. अमेरिकन गाडीचे मागचे वळायचे दिवे लाल असतात. युरोपात ते नारंगी लागतात. नानांनी औद्योगिक वसाहतीतल्या एका केरळी मेकॅनिककडून, चार दिवस शेजारी स्टूल टाकून बसून, दिवे नारंगी करून घेतले. आणि वर्षाच्या तपासणीला, फहसला, गाडी घेऊन गेले. तिथल्या माणसाने मागे उभं राहून दिवे बघितले आणि मान हलवली. गाडी जशी आली तशी दिसत नव्हती. खलास, नापास.

नानांनी त्याला शांतपणे युरोपचा नियम समजावला. त्यानेही शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ही गाडी युरोपात आहे का?"

"नाही. पण जाणार आहे."

"मग गेल्यावर नारंगी लाव."

त्यानंतर दर वर्षी तपासणीच्या आदल्या दिवशी लाल दिवे बसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नारंगी. वर्षातले दोन दिवस ती गाडी अमेरिकन असायची, बाकी युरोपियन. टायरही त्याच उत्साहात आले. कुणा दुकानदाराकडे चुकून आलेले बर्फाचे टायर पडून होते. त्याला वाटलं होतं आपण मरेपर्यंत हे गिऱ्हाईक येणार नाही, आणि नाना आले.

फक्त प्राजक्ताला उत्साह नव्हता. फोन स्पीकरवर असायचा, आवाज सगळ्या घरात. "नाना, मी ऑफिसला सायकलने जाते. इथे सगळेच जातात. गाडी ठेवायची कुठे?"

"सायकलचं दुकान आहे का जवळ?" नाना विचारायचे.

"असेल. का?"

"काही नाही. भिंतीवर काय लावलंय बघ कधीतरी."

निवृत्ती जवळ आली तसा हा खेळ गंभीर झाला. इस्लामपुरात त्यांचं घर तयार होतं, पण गाडी तिथे येऊ शकत नव्हती. वापरलेली, त्यात स्टिअरिंग डावीकडे. भारतात येऊच देणार नाहीत. हॉलंडात राहायला जाणाऱ्याला जुन्या गाडीवरचे कर माफ होतात, हे मी शोधून काढलं आणि दोन गुरुवार मान वर करून चहा प्यालो. पण राहायला जाऊ देणार कोण? मुलीकडे जाणाऱ्या आईवडिलांना मिळतो तो पाहुण्याचा व्हिसा.

मग एका गुरुवारी नाना दारातूनच बोलत आत आले. सोफ्यावरही टेकले नाहीत. "श्रीकांता, मिळालं. गाडीलाही पाहुणी म्हणून नेता येतं. बाहेर राहणारा माणूस, बाहेरची नंबरप्लेट, सहा महिने. एक पैसा कर नाही. धूर नाही, वजन नाही, पोट नाही. पाहुण्याला कोण वजन विचारतं?"

मी माझे कागद बघितले. बरोबर होतं. जहाजाचं भाडं, विमा, सगळं धरूनही बसत होतं. नोकरी असताना इतकी रजा कुणी देणार नव्हतं, म्हणून निवृत्त होऊन दोघांनी निघायचं, सहा महिने हिंडायचं, वळण शोधायचं, असं ठरलं. गाडीचं पुढे काय ते प्राजक्ताच्या गावातला कुणी हौशी बघेल. त्या आठवड्यात नाना कंपाउंडमध्ये चालताना मी पहिल्यांदाच त्यांची दोन्ही पावलं घाईत पाहिली.

पुढच्या गुरुवारी काकू आमच्या टेबलावर साबुदाणा निवडत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी एकादशी होती. नाना आणि मी बंदरांची नावं घेत होतो. काकूंनी एक खडा बाजूला काढला आणि म्हणाल्या, "पण मग ती नंबरप्लेट कुणाच्या नावावर?"

"माझ्या," नाना म्हणाले.

"तुम्ही फायनल एक्झिट घेतल्यावर?"

नानांनी उचललेली बशी खाली ठेवली. सौदी सोडून कायमचं जायचं तर फायनल एक्झिटचा शिक्का लागतो, आणि नावावर गाडी असेल तर तो मिळत नाही. आधी गाडी दुसऱ्याच्या नावावर करायची, मग देश सोडायचा. हे इथल्या प्रत्येकाला माहीत असतं. आमचे किती मित्र याच कारणासाठी शेवटच्या आठवड्यात गाड्या विकायला धावताना आम्ही पाहिले होते. नानांना डेन्मार्कचा कर पाठ होता. मला त्याच कामाचा पगार मिळतो. आणि आम्ही दोघं, इतकी वर्षं इथे राहून, हे विसरलो होतो की इथे आपलंही सगळं त्या कार्डावर आहे.

"ऑर्डर चुकली," नाना अगदी हळू म्हणाले. प्लांटमध्ये झडपांच्या बाबतीत ते हा शब्द वापरत. मग म्हणाले, "पाहुणं म्हणून जायला मागे घर लागतं, श्रीकांता. तिला मागे घर नाही."

काकूंनी ताट त्यांच्यापुढे सरकवलं. "घ्या. खडे बघा." आणि ते खडे बघत बसले.

गाडी अबू फैसलने घेतली. अबू फैसल म्हणजे प्लांटमधला नानांचा जुना सहकारी, नानांच्या दुप्पट रुंदीचा सौदी माणूस, भारतीयांबरोबर काम करून करून अस्खलित चुकीचं हिंदी बोलणारा. भाव झाला नाही. नाना जे म्हणाले ते त्याने मान्य केलं, आणि नानांनी मुळातच बाजारभावाहून कमी सांगितलं होतं. शिक्का मिळाला. टायर आमच्या बाल्कनीत आले, तुळशीसकट.

जायच्या दिवशी सकाळी पुन्हा धुकं होतं. विमानतळ गावापासून लांब, वाळवंटात. मी माझी सेडान दारात लावली, बॅगा भरल्या. नाना आणि काकू हातात पासपोर्ट घेऊन उभे होते, आणि वाट्या वाजल्या. आमच्या घरातल्या. संध्या ओट्यापासूनच म्हणाली, "पिवळी आली."

अबू फैसल उतरला. अंगात पांढरा स्वच्छ थोब, म्हणजे इथला पायघोळ झगा, चेहरा गंभीर. किल्ली त्याने काकूंपुढे धरली.

"अरे नहीं, गाड़ी आपकी है अब," नाना म्हणाले.

"हाँ. मेरा गाड़ी. इसलिए मैं बोलेगा," अबू फैसल म्हणाला. "आज तुम मेहमान. मेहमान पीछे नहीं बैठता. यल्ला."

आणि तो भला माणूस पुढची सीट वाकवून मागे शिरला. कसा शिरला ते मला सांगता येणार नाही. मी स्वतः तिथे बसलेलो असूनही. एक पाय गेला, मग थोबचा बराच भाग गेला, मग आतून "खलास" असा दबलेला आवाज आला. काचेतून त्याचे दोन गुडघे आणि मधे एक समाधानी चेहरा दिसत होता. काकूंनी ओढणी खोचली, आरसा नीट केला. नाना शेजारी बसले. समोरच्या फळीला त्यांनी हात लावला, मग काढून मांडीवर ठेवला.

मी मागून निघालो, सगळ्या बॅगा घेऊन. दाट धुकं. दिव्याचे खांबही अर्धेच. पुढे पिवळा रंग एखाद्या ओल्या चित्रासारखा पसरत चालला होता. पुलाशी पोचलो तेव्हा मला दिसलं, काकूंचा हात पर्सकडे गेला, मग शेजारी, मग मागे. मागे जरा जास्त वेळ थांबला. वजनावर असणार.

इरा माझ्या शेजारी बसली होती. म्हणाली, "बाबा, दे आर इटिंग."

"कर भरतायत," मी म्हटलं.

पूल ओलांडल्यावर काकूंनी पाटीवरच्या आकड्याचा मान राखला आणि माझी सेडान हळूहळू मागे पडली. मी काही फार प्रयत्न केला नाही. विमानतळाचा फाटा आला तेव्हा पुढे काहीच दिसत नव्हतं, नुसतं पांढरं. त्या रस्त्यावर वळताना दिवा दाखवायची पद्धत नाही. जो तो वळतो. पण त्या पांढऱ्यात उजवीकडे एक दिवा लागला, विझला, लागला. नारंगी. मग तो वळणापलीकडे गेला.